लालबाग दर्शन, एडिसनमध्ये प्रथमच

शाहिस्तेखानाची बोटं तुटली, इथवर मराठी माणसाचा इतिहास पक्का असतो. पुढे त्या बोटांच्या मालकाचं काय झालं, याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. चौथीच्या पेपरात तेवढंच विचारतात. खान खिडकीतून पळाला, बोटं मागे राहिली, पैकीच्या पैकी गुण. गुरुनाथ कुंभोजकर तर मूळचे पुण्याचे, म्हणजे खुद्द घटनास्थळाचे. हा प्रसंग आपल्याच आळीतल्या कुणीतरी पार पाडला असावा, अशा थाटात ते तो सांगत. त्यापुढचं जाणून घेण्याची गरज त्यांना एडिसन, न्यू जर्सी इथे आयटीत निम्मं आयुष्य घालवूनही पडली नव्हती.

ती पडली ऑगस्टातल्या एका शनिवारी, पार्कातल्या तळ्याकाठी चालताना.

शेजारच्या घरातले मोईनुल हक आणि गुरुनाथ दर शनिवारी सकाळी या तळ्याला फेऱ्या मारत. मोईनुल ढाक्याचे, पेशाने फार्मासिस्ट, स्वभावाने शांत. दोघांचं बोलणं हिंदीत चाले. एकाचं हिंदी मराठीच्या मांडीवर बसलेलं, दुसऱ्याचं बंगालीच्या. खरं हिंदी त्या तळ्याकाठी कधी फिरकलंच नाही, पण वर्षानुवर्षं त्यावाचून दोघांचं काही अडलं नव्हतं. त्या दिवशी तांदळाच्या भावावरून गोष्ट निघाली आणि मोईनुल म्हणाले,

"शायेस्ता खाँ का जमाना में, गुरुभाई, एक टाका में आठ मन चावल मिलता था. हमारा गोल्डन एज."

गुरुनाथ थांबले. "कौनसा शाहिस्ताखान? उंगलीवाला?"

"कौन सा उंगली?"

मग गुरुनाथांनी प्रसंग साभिनय सांगितला. तलवारीचा वार असा काही दाखवला की शेजारून धावणारी दोन अमेरिकन माणसं रस्ता सोडून गवतातून गेली. इथपर्यंत ठीक होतं. पण गोष्ट रंगली की पुण्याच्या माणसाला तिच्यावर एक शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. गुरुनाथ म्हणाले, "मतलब हमने जिसको भगाया, उसको तुमने हिरो बनाया. तुम्हारा पूरा हेरिटेज हमारा रिजेक्टेड माल है क्या?"

हा विनोद होता, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

मोईनुल खाली वाकले, बांधलेलीच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, म्हणाले, "दुकान जाना है," आणि निघून गेले. शनिवारी त्यांना सुट्टी असते. पुढच्या शनिवारी ते तळ्याभोवती उलट्या दिशेने चालताना दिसले. उलट्या दिशेने चालणाऱ्यांची अडचण अशी, की प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यावं लागतं. दोघं दोनदा मान हलवत आणि पुढे जात. एवढ्या संयमाने भांडायला गुरुनाथांना सवय नव्हती. त्यांच्या लग्नातसुद्धा रुसवे याहून मोकळे होते.

"सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा," शुभा, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणाली.

"विनोदाबद्दल सॉरी म्हणण्याची पद्धत नाही."

"असले विनोद करायची आहे का?"

शुभाला कळत होतं आणि गुरुनाथांना कबूल करवत नव्हतं ते एवढंच, की एडिसनच्या मराठी मंडळात शेकड्यांनी ओळखीचे लोक असले, तरी मित्र हा एकच होता. मंडळातली माणसं भेटली की घराची किंमत, मुलाचं कॉलेज आणि गुडघा, याच क्रमाने बोलत. मोईनुलनी गुरुनाथांच्या घराची किंमत आजवर कधीच विचारली नव्हती. पित्ताशयाच्या दुखण्यात पहाटे हॉस्पिटलात नेलं होतं ते त्यांनीच; मंडळाने नंतर ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पाठवली होती.

माफी मागायला फार तर दोन शब्द लागतात. ते वाचवण्यासाठी गुरुनाथांनी शाळेचा कॅफेटेरिया घ्यायचं ठरवलं.

बेत असा होता. सप्टेंबरात मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या जिममध्ये होतो. शेजारच्या कॅफेटेरियात दरवर्षी कसलं ना कसलं प्रदर्शन असतं आणि तिथे सहसा फक्त डायपर बदलायला लोक जातात. तिथे यंदा बांगलादेशाच्या सांस्कृतिक वारशाची सहल घडवायची. ऐतिहासिक वास्तूंच्या प्रतिकृती मांडायच्या, स्वतः गाइड व्हायचं, लोकांना फिरवून माहिती द्यायची, आणि मोईनुलना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं. सॉरी हा शब्द कुठेही न उच्चारता.

कमिटीच्या मीटिंगला अध्यक्ष सत्यजित चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "यार गुरुनाथ, बांगलादेश लोकांना कनेक्ट नाही होणार. बांगलादेश म्हणजे, आय मीन, शर्टाच्या कॉलरला लिहिलेलं असतं ते."

"तिथे बौद्ध विहार आहे पहाडपूरला. बाराशे वर्षांपूर्वीचा."

"युरोप कर ना. माझ्याकडे स्वित्झर्लंडचे फोटो रेडी आहेत."

"किंवा सिंगापूर," वैदेही म्हणाली. ती मंडळाची प्रसिद्धी बघायची आणि पस्तिशीची असूनही गुरुनाथांना काका म्हणायची, त्यामुळे तिच्या कुठल्याच सूचनेचा ते शांतपणे विचार करू शकत नसत. "क्लीन असतं, काका."

"आणि ते लोक मासे ठेवतील," कुणीतरी मागून म्हणालं. "गणपतीत मासे म्हणजे..."

"वास्तू मासे खात नाहीत," गुरुनाथ म्हणाले.

"आपलं काहीतरी कनेक्शन हवं," सत्यजितने निकाल दिला. "आपलं म्हणजे आपलं."

तेव्हा नाइलाजाने गुरुनाथांनी हुकमाचं पान टाकलं. बोटं तुटल्यावर शाहिस्तेखानाची बदली बंगालच्या सुभ्यावर झाली. ढाक्यातला लालबागचा किल्ला औरंगजेबाच्या मुलाने सुरू केला आणि पुढे खानाच्या ताब्यात दिला. म्हणजे एका अर्थाने तिथला सुभेदार आपणच पाठवला.

कमिटी जागी झाली. मराठी माणसाला जगातला कुठलाही देश तोवर परका असतो, जोवर तिथे आपण कुणाला तरी बडवल्याचा पुरावा मिळत नाही. "मग बोटांचं काहीतरी कर," सत्यजित उत्साहाने म्हणाला. "किड्स लव्ह दॅट." बोटांच्या अटीवर ठराव मंजूर झाला.

घरी बांधकाम सुरू झालं. शाळेच्या नियमांत थर्मोकोल बसत नव्हता, म्हणून फ्रिजच्या आणि टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे आले. साठ घुमटांची मशीद बागेरहाटला आहे. तिचे घुमट प्रत्यक्षात सत्त्याहत्तर, हे गुरुनाथांना सगळ्या वाट्या चिकटवून झाल्यावर समजलं. मग आमटीच्या वाट्या गेल्या, मग श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं गेली. कुंभोजकरांकडे पंधरवडाभर आमटी कपातून प्यायली गेली. दिनाजपूरच्या कांतजीऊ मंदिराच्या भिंतींवर भाजक्या मातीच्या हजारो मूर्ती आहेत. त्या पार्ले बिस्किटांवर कोरण्याचा प्रयोग शुभाने हाणून पाडला. सुट्टीत घरी आलेल्या इशिताने, त्यांच्या मुलीने, दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा शोधत विचारलं, "बाबा, इज धिस अ क्राय फॉर हेल्प?"

"हा वारसा आहे."

"हूज?"

गुरुनाथांनी तिला कात्री आणायला पिटाळलं.

शाळेत तपासणीला फायर इन्स्पेक्टर आला. चांगला दिलखुलास माणूस. त्याने किल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हे काळं भोक कसलं ते विचारलं. गुरुनाथांनी उत्साहाने सांगितलं, की या किल्ल्यात एक भुयार आहे, त्यात शिरलेलं कुणी परत येत नाही, असं ढाक्यातले लोक सांगतात.

इन्स्पेक्टर गंभीर झाला. आत गेलेली माणसं बाहेर कुठून येतात?

येत नाहीत, हीच तर गोष्ट, गुरुनाथ म्हणाले.

मग हे चालणार नाही, असं तो म्हणाला. प्रतिकृती कमरेएवढी आहे, यात उंदीरसुद्धा शिरणार नाही, हे सांगून उपयोग झाला नाही. जिथे वाट आत जाते तिथे बाहेर जायची खूण हवी. अशा रीतीने मुघल स्थापत्याच्या इतिहासात प्रथमच लालबागच्या तटबंदीवर लाल अक्षरांची, बॅटरीवर चालणारी एक्झिटची पाटी बसली. अंधारात ती देवघरातल्या दिव्यासारखी दिसे. गुरुनाथांना तेव्हा ती नुसती कुरूप वाटली.

आता पाहुण्यांचं आमंत्रण. गुरुनाथांनी मोईनुलना मेसेज केला: मंडळात बांगलादेशावर कार्यक्रम आहे, आपण यावं. तासाभराने उत्तर आलं, रोमन लिपीत. "चेष्टा कोरबो, गुरुभाई."

गुरुनाथांनी फोन उताणा ठेवला, मग पालथा ठेवला.

"काय म्हणतात?" शुभाने विचारलं.

"म्हणतात, चेष्टा करीन."

"असं कसं म्हणतील?"

"लेखी दिलंय. माणूस निदान गुपचूप तरी चेष्टा करतो. हे आगाऊ कळवतायत." आणि दुखावलेल्या माणसाच्या झपाट्याने त्यांनी टाइप केलं: "जरूर कीजिए. हमें आदत है." उलट मोईनुलनी अंगठा पाठवला. तो अंगठा बघून गुरुनाथ रात्री जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत.

चार दिवस ते पुठ्ठ्यावर राग काढत राहिले. मग शुभाला दुकानात कोथिंबिरीपाशी शिरीनभाभी, मोईनुलची बायको, भेटली. ती म्हणाली, मोईन शनिवारचं सगळं मोकळं ठेवायची चेष्टा करतोय, मुलीकडे जायचं होतं तेही पुढे ढकललं. आणि गुरुभाईंना कसली आदत आहे, असं दोन दिवस विचारतोय, तब्येत ठीक आहे ना?

शुभा घरी येऊन म्हणाली, "बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. येण्याचा प्रयत्न करतो म्हणाले ते."

गुरुनाथांनी तो मेसेज पुन्हा उघडून वाचला. "शब्द तोच, मग आपल्याकडे अर्थ असा कसा झाला?"

"आपला माणूस दुसऱ्याचा प्रयत्न बघून काय करतो, त्यावरून पडला असेल," शुभा म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.

उरली प्रसिद्धी. गुरुनाथांनी मथळा दिला होता: 'लालबाग ते पहाडपूर: बांगलादेशाच्या सांस्कृतिक वारशाची मार्गदर्शनपर सहल'. वैदेहीने फोन केला.

"काका, हे वाचून होईपर्यंत पार्किंग फुल होईल. आणि बांगलादेश शब्द आला की लोक स्क्रोल करतात. ते आपण सरप्राइज ठेवू."

"संपूर्ण देश सरप्राइज ठेवायचा?"

"लालबाग दर्शन. बस. कॅची आहे."

दर्शन या शब्दात तत्त्वज्ञान असतं, असं मनाशी म्हणत गुरुनाथांनी मान्यता दिली. पुढे बॅनर ओक ट्री रोडवर देवांगच्या छपाईच्या दुकानात गेला. देवांगचा फोन आला. "गुरुनाथभाई, कोपरा खाली छे, रिकामा. गणपती मूकी दऊं, टाकू का? सप्टेंबर मां सगळ्या बॅनरवर गणपती फ्री."

फ्री या शब्दापुढे विद्वत्ता टिकत नाही. आणि गणेशोत्सवाच्या बॅनरवर गणपती असला तर बिघडलं काय, असं कुणालाही वाटलं असतं. तर लाल मखमली पडद्यासमोर बसलेले गणराय, खाली 'लालबाग दर्शन', त्याखाली देवांगने जागा उरली म्हणून आपल्या मनाने घातलेलं 'एडिसनमध्ये प्रथमच', असा बॅनर वैदेहीने ग्रुपवर टाकला. हा मजकूर वाचून मुघल किल्ला डोळ्यांपुढे येणारा मराठी माणूस पृथ्वीवर एकच होता आणि तो वाट्यांना पांढरा रंग देत बसला होता.

मेसेज फिरू लागला. शेजारच्या आयसेलिनला पोचेतो त्यात 'थेट' शब्द शिरला, तिथून पुढे 'साक्षात'. मिठाईवाल्यांनी मोदकांच्या ऑर्डरी बंद केल्या. शुगर लँडहून एका काकूंचा गुरुनाथांना फोन आला, की टेक्ससहून येणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे का.

फोन ठेवून गुरुनाथ खुर्चीत बसले. "शुभा, लोक टेक्ससहून विमानाने येतायत. पहाडपूर बघायला."

"पहाडपूर बघायला?"

"मला वाटायचं आपला समाज संपला. जिज्ञासा आहे गं अजून. भूक आहे."

शुभाने त्यांच्याकडे बघितलं. तिला संशय आला होता, पण नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने लग्नाच्या अल्बममध्येही पाहिला नव्हता. तिने रंगाचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

शनिवारी सकाळी शाळेच्या आवारात शिरतानाच रांग दिसली. कॅफेटेरियाच्या दारापासून कॉरिडॉर, कॉरिडॉरमधून पार्किंग, पार्किंगमधून फुटबॉलच्या मैदानाला वळसा. गुरुनाथ गाइडचा छोटा झेंडा हातात धरून, कॉलरला माइक लावून, छाती काढून आत गेले. लोकांच्या हातांत नारळ का आहेत, हा प्रश्न त्यांना पडला. पण परक्या देशाच्या वारशाचा आदर करायचा तर मराठी माणूस दुसरं काय आणणार, असं म्हणून त्यांनी तो सोडवलाही. वैदेहीने दोरखंड लावून रांगेला शिस्त आणली होती. दार उघडलं.

पहिल्या बाई जास्वंदीचा हार, नारळ, नवरा आणि सासूबाई घेऊन आत आल्या. गुरुनाथांनी झेंडा वर केला. "नमस्कार. आपण आता ढाक्यात प्रवेश करत आहोत."

"राजा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"इथे राजा नव्हता. मुघल सुभेदार होता."

"आम्ही प्रिन्स्टनहून आलोय," बाई म्हणाल्या, जणू त्याने फरक पडावा. "नवसाची लाइन वेगळी आहे का?"

त्या एका वाक्यात गुरुनाथांना बॅनर, वैदेही, देवांग आणि टेक्सस असं सगळं उलट क्रमाने कळलं. समाजाची जिज्ञासा त्यांच्या डोळ्यांसमोर बसली, ती उठलीच नाही. ते माइकमध्ये म्हणाले, "बाई, इथे गणपती नाही. हा बांगलादेशातला किल्ला आहे."

बाईंनी किल्ल्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. दोन तास रांगेत उभं राहण्यापेक्षा ब्रंचला जाऊ, असं नवरा सकाळपासून म्हणत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याला जिंकू देण्याचा प्रश्नच नव्हता. बाईंनी तटबंदीपाशी नारळ ठेवला, वेशीवर हार घातला, एक्झिटच्या लाल दिव्याकडे बघून डोळे मिटले, सासूबाईंना वाकायला लावलं आणि बाजूच्या दाराने बाहेर पडल्या.

बाहेर रांगेतल्या बायकांनी विचारलं, "कसं झालं दर्शन?"

"प्रसन्न," बाई म्हणाल्या. "गर्दी आहे, पण वर्थ इट."

आणि ही अफवा नव्हती, हेच तिचं सामर्थ्य. दुसऱ्याने तेच केलं, तिसऱ्याने तेच. आत जाऊन फसलेला प्रत्येक माणूस बाहेर येऊन तृप्त होत होता. आपण दोन तास उन्हात उभे राहून पुठ्ठा बघितला, हे रांगेत तोंडाने सांगणारा एकही निघेना. न्यू जर्सीतला सुशिक्षित मराठी माणूस घर चुकीचं घेतो, नोकरी चुकीची धरतो, पण रांग चुकीची धरली हे मरेपर्यंत कबूल करत नाही. गुरुनाथ माइकवरून पहाडपूरच्या विहाराचा आराखडा सांगत होते आणि लोक विहारावर दूर्वा ठेवत होते. साठ घुमटांच्या मशिदीला कुणीतरी कुंकू लावलं. ढाक्याच्या संसद भवनाचा आराखडा फिलाडेल्फियाच्या अमेरिकन वास्तुकाराने केला, असं सांगेपर्यंत त्याच्या छतावर पेढ्यांचा डबा उघडा पडला होता. रांग वाढतच होती.

दुपारच्या सुमारास सत्यजित धावत आला. "यार, कुणीतरी ऑनलाइन टाकलंय की आत मूर्तीच नाही. प्रॉब्लेम होईल. स्टेजवरची छोटी मूर्ती आणतो, इथे मध्ये बसवू. ती पांढरी डबी काढ."

"ती डबी नाही. ती कबर आहे."

"गणपतीत कबर? यार गुरुनाथ."

त्याने हात पुढे केला. गुरुनाथ मध्ये उभे राहिले. उंचीने बेताचे, हातात खेळण्यातला झेंडा. दिसायला काही भारदस्त दिसत नव्हते.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "शाहिस्तेखानाची मुलगी आहे ती. परीबीबी. किल्ला पुरा होण्याआधी गेली. मग त्याने तो पुरा केलाच नाही. अर्धा टाकला. आपण बोटांची गोष्ट सांगतो ना, त्याच हल्ल्यात त्याचा मुलगाही मारला गेला होता, पुण्यात. ते आपण सांगत नाही. मीही सांगत नाही. मुलगा तिथे, मुलगी इथे. मी त्याला रिजेक्टेड माल म्हणालो होतो. मूर्ती स्टेजवर आहे ती बरी आहे. ही जागा तिची आहे."

कॉलरचा माइक चालू होता. वाक्यं पाहिजे त्यापेक्षा मोठ्याने कॅफेटेरियाभर आणि कॉरिडॉरमध्ये घुमली. एडिसनची गर्दी जितकी शांत होऊ शकते तितकी शांतता पसरली. मग मागून कुजबुज आली.

"काय म्हणाले?"

"परीबीबी."

"हे नवीन दिसतंय."

"जागृत आहे म्हणे."

"ओके, ओके," सत्यजित मागे सरकत म्हणाला. "फक्त लाइन मूव्ह कर यार."

"गुरुभाई," रांगेतून आवाज आला.

एक बाबागाडी आणि नारळांची पिशवी यांच्या मध्ये मोईनुल उभे होते. पांढरा कुर्ता घामाने भिजलेला. प्रमुख पाहुण्यांना कुणी ओळखलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. लोक उभे आहेत म्हणून तेही सकाळपासून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं; मराठी अर्धंच कळलं, पण परीबीबी आणि रिजेक्टेड माल एवढे शब्द पुरेसे होते. ते किल्ल्याकडे बघत होते.

"मोईनभाई, आप अंदर क्यों नहीं आए सीधे?"

"लाइन था." मोईनुलनी चष्मा पुसला. "हम कभी अंदर नहीं गया, गुरुभाई."

"किधर?"

"लालबाग. आजिमपूर में रहता था, एकदम बाजू में. कॉलेज का पूरा टाइम. हर शुक्रवार सोचता था जाएगा. फिर सोचता था, किला है, भाग के कहाँ जाएगा."

गुरुनाथांनी झेंडा खाली घेतला. "तो फिर उस दिन इतना गुस्सा किस बात का था?"

"देखा नहीं तो क्या हुआ," मोईनुल म्हणाले. "हमारा है ना."

गुरुनाथांना हे ताबडतोब पटलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या किल्ल्यांविषयीही आपलं नेमकं हेच धोरण आहे. त्यांनी माइक बंद केला, झेंडा वर धरला आणि एका माणसासाठी सहल सुरू केली.

"ये जो बीच में है, परीबीबी की कबर. इस बाजू को मशीद. उस बाजू को दिवाणखाना, हम्मामखाना. और ये जो भुयार है..."

"काका, पुढे चला, पुढे चला," वैदेही म्हणाली. "लाइन थांबवू नका. मागे खूप लोक आहेत." आणि रांगेची सवय झालेल्या तिच्या हाताने मोईनुलना खांद्यापाशी धरून असं हलकेच सरकवलं, की पुढच्या क्षणी ते बाजूच्या दारातून बाहेर होते. गाइड बरोबर उभा होता, तोही त्याच धक्क्यात बाहेर गेला. दार मागे बंद झालं.

दोघं उन्हात उभे राहिले.

"दिखा?" गुरुनाथांनी विचारलं.

"थोडा सा. एक गुंबद दिखा. नारियल ज्यादा था."

"मोईनभाई, वो तळे के पास मैंने जो बोला..."

"लाइन का एंड किधर है?" मोईनुल म्हणाले.

"वो उधर. फुटबॉल ग्राउंड के पीछे. डेढ-दो घंटा लगेगा."

"चलो."

ते रांगेच्या कडेने निघाले. कुंपणापाशी छत्री धरून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी गुरुनाथांच्या हातातला झेंडा बघून विचारलं, "काका, दर्शन झालं का? खरंच आहे ना हो आत?"

आज पहिल्यांदाच कुणीतरी सरळ प्रश्न विचारला होता. गुरुनाथांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण मोईनुल आधी बोलले.

"एकदम खरा है," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "लेकिन एक बार में समझ नहीं आता. हम फिर से जा रहा है."

गृहस्थांनी आदराने मान लववली, मागच्यांना ती बातमी दिली आणि छत्री बंद करून रांगेतली आपली जागा आणखी घट्ट धरली.